कोणाच्या अंगाला कोणतं तेल?

परतीचा पाऊस सरला की हवेतला ओलावा उतरतो. पोटऱ्यांवर नखाने पांढरी रेघ ओढता येते, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडू लागतात. अभ्यंगस्नान नेमकं याच दिवसांत येतं, आणि ते केवळ पंचांगाचं सांगणं नसावं असं मला वाटतं. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’तल्या दिनचर्येच्या अध्यायात रोज अंगाला तेल लावायला सांगितलं, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांवर भर दिला. त्याच ठिकाणी कफाचा त्रास असलेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने तेल लावू नये असंही बजावलं. पहिला उपदेश आपल्या घराघरांत पाठ आहे. दुसरा कुणी सांगताना दिसत नाही. तेल सगळ्यांना, सगळीकडे, सारखंच चांगलं, असं वाग्भटही म्हणत नव्हता आणि आजचे त्वचारोगतज्ज्ञही म्हणत नाहीत.

सुरुवात तान्ह्या बाळापासून करू, कारण तेलाचा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच असतो. शहरातल्या घरात बाळ आलं की कुणीतरी महागड्या ऑलिव्ह तेलाची बाटली आणतं. परदेशी, महाग, म्हणजे बाळाला मानवणारच, असा समज. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात मोठ्या माणसांच्या हाताला काही आठवडे रोज ऑलिव्ह तेलाचे थेंब लावून पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने कातडीचं संरक्षक आवरण कमजोर झालं आणि किंचित लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं काही झालं नाही.

याचं कारण तेलातल्या आम्लांमध्ये आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्यामध्ये चरबीचा पातळ लेप असतो. तो लेप आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. लिनोलिक आम्ल हा लेप बांधायला लागतं. ओलिक आम्ल जास्त झालं तर तोच लेप विस्कटतं. ऑलिव्ह आणि बदाम या दोन्ही तेलांत ओलिक आम्ल भरपूर असतं. साध्या सूर्यफुलाच्या आणि करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल. करडईत तर ते पाऊणाच्या आसपास.

ढाक्यातल्या शिशु रुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावलं, तेव्हा रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झालं. ‘लॅन्सेट’मध्ये २००५ साली हे छापून आलं. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी करडईच्या आणि खोबऱ्याच्या तेलाने मालिश केलेल्या नवजात बाळांचं रक्त तपासून दाखवलं की तेलातली स्निग्ध आम्लं कातडीतून रक्तात पोचतात, आणि करडईच्या तेलाने शरीराला आवश्यक असलेल्या आम्लांचं प्रमाण वाढतं. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या अभ्यासात खोबरेलाचं मालिश झालेल्या बाळांचं वजन खनिज तेलाचं मालिश झालेल्यांपेक्षा चांगलं वाढलं. म्हणजे बाळाला माखायला जे तेल हवं, ते सोलापूरच्या आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात पिकतं किंवा कोकणच्या माडावर लागतं. भूमध्य समुद्राकडे बघायची गरज नाही.

करडईबद्दल मला आस्था आहे, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत मागे पडली. रब्बीत ज्वारीच्या रानाभोवती करडईचे पट्टे असत. पानं काटेरी, त्यामुळे जनावर आत शिरत नसे, आणि घरच्या तेलाचीही सोय होई. काढणीला हातांना कापड गुंडाळावं लागे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काटे नसलेला संकरित वाण तयार केला, तरीही पेरा आकसत गेला आणि सोयाबीन पसरत गेलं. आता शहरांतल्या गल्ल्यांमध्ये लाकडी घाणे पुन्हा दिसू लागलेत. बैलाच्या जागी विजेची मोटर आली आहे, पण उखळ लाकडाचंच. थोडा वेळ उभं राहून पाहा. करडईचे पांढरे दाणे आधी नुसते कुरकुरतात, मग भुगा ओला दिसायला लागतो, आणि बराच वेळ गेल्यावर खालच्या पन्हळीतून तेलाची बारीक, गढूळ धार सुरू होते. ते तेल लगेच भरून द्यायचं नसतं. डब्यात दोन-तीन दिवस निवळलं की गाळ तळाशी बसतो आणि वर सोनेरी तेल राहतं. पेंड गोठ्यात जाते. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे याच कामातले, घाण्यावरचे तेली होते.

घाण्याच्या तेलाची तारीफ करताना एक सांगायला हवं. करडईचं तेल लवकर खवट होतं. उजेड, हवा आणि उष्णता हे त्याचे शत्रू, आणि खवट तेल कातडीला त्रासच देतं. पाच लिटरचा डबा मालिशसाठी घेऊ नका. पाव लिटर घ्या, गडद काचेच्या बाटलीत भरा, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा, वास बदलला की टाकून द्या. करडईच्या काही नव्या वाणांत मुद्दाम ओलिक आम्ल वाढवलेलं असतं. तळणाला ते उत्तम, बाळाला माखायला नको. तिळाचं तेल या बाबतीत भरवशाचं, कारण त्यातल्या सेसमॉलसारख्या घटकांमुळे ते बरेच दिवस टिकतं. वैद्यकीतली बहुतेक औषधी तेलं तिळाच्या तेलात सिद्ध करतात, त्यात हा व्यवहारही असणार.

आता केसांकडे वळू. खोबरेलाची कीर्ती खरी आहे, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही. केसाला तेल पाजून केस वाढत नाही. कातडीबाहेरचा केस मृत केराटिनचा धागा असतो आणि त्याच्या मुळाला खाणं रक्तातून मिळतं. खोबरेल करतं ते वेगळंच काम. त्यातलं निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. हा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरू शकतो. आरती रेले आणि आर. बी. मोहिले या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना आणि विंचरताना केसातून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीत झालं होतं हे ध्यानात ठेवावं, पण त्यामागचं रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे. केस पाण्यात फुगतो, सुकला की आकसतो, आणि या फुगण्या-आकसण्याने झिजतो. आधी शिरलेलं तेल हे फुगणं कमी करतं. म्हणून खोबरेल न्हाण्याआधी लावायचं. आदल्या रात्री, किंवा निदान तासभर आधी. न्हाऊन आल्यावर चोपडलेलं तेल धूळही गोळा करतं.

कोंडा असेल तर मात्र तेल नको. कोंड्याला कारण होणारी मॅलेसेझिया नावाची बुरशी स्निग्ध आम्लांवरच जगते. आपल्याकडे कोंडा दिसला की ‘डोकं कोरडं पडलंय’ म्हणून तेलाची वाटी पुढे येते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. तेल कपाळावर उतरून पुरळ येणाऱ्या मुलामुलींनीही डोक्याला तेल लावून झोपू नये. एरंडेलाचा सध्या फार बोलबाला आहे. ते केस वाढवतं याला भक्कम पुरावा नाही. ते इतकं दाट असतं की लांब केसांत नुसतंच थापलं तर केस गुंतून गोळा होतो. कात्रीच लावावी लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. लावायचंच असेल तर खोबरेलात थोडंसं मिसळा.

खोबरेल खायचं की लावायचं, हा वाद करापोटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल, केसांचं तेल म्हणून विकलं जात नसेल तर, खाद्यतेलच धरता येईल, असा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागला. आपल्याला त्यातून एक खूण मिळते. बाटलीवर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असेल तर ते खाद्यतेल म्हणून विकलं जातंय. ‘हेअर ऑइल’ लिहिलं असेल तर घटकांची यादी वाचा. बदामाचं आणि आवळ्याचं म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत यादीचं पहिलं नाव खनिज तेलाचं, म्हणजे लिक्विड पॅराफिनचं असतं. ते विषारी नाही, पण बदामाच्या भावाने ते घेण्यात अर्थ नाही.

टाचांच्या भेगांवर मात्र माझं एकच उत्तर आहे: कोकमाचं तेल, गोव्याकडचं भिरंडेल. एप्रिल-मेमध्ये रातांबे उतरवले की साली आमसुलांसाठी जातात आणि बिया अंगणात वाळत पडतात. सवड झाली की त्या फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळत ठेवायचा. बियांच्या वजनाच्या पाव भागाइतकी चरबी असते, ती हळूहळू वर तरंगते. ती काढून थंड केली की पांढुरका पिवळट गोळा होतो आणि तो मुठीत दाबून ठेवतात. हे तेल चाळीस अंशांच्या जवळ वितळतं. त्यामुळे उन्हाळ्यातही घट्टच राहतं आणि नुसतं चोळून भेगेत उतरत नाही. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून पुसायचे, तुकडा पळीत वितळवायचा, कोमट झाल्यावर भेगांत सोडायचा आणि मोजे घालून झोपायचं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी हे स्वतः करू नये. तेल किती गरम आहे हे त्यांना कळत नाही आणि पोळलेली जखम चिघळते. मोठमोठ्या कंपन्या ‘कोकम बटर’ म्हणून ओठांच्या मलमांत हेच घालतात.

करंज आणि कडुनिंबाच्या तेलांना मान आहे, तो बाहेरून लावण्यापुरता. कडुनिंबाचं तेल लहान मुलांना जंतांसाठी पाजण्याची रीत काही घरांत आहे. त्याने मेंदूवर परिणाम होऊन मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा ते थेंबभरही पोटात देऊ नका. टी ट्री, लॅव्हेंडर असे सुवासिक अर्क थेट कातडीला लावू नयेत. चमचाभर साध्या तेलात एक-दोन थेंब पुरतात. कोणतंही नवं तेल आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.

राहिली दिवाळीची पहाट. तेल कोमट करा, जिरेपर्यंत हलक्या हाताने चोळा, उटणं लावून जादाचं तेल काढा. उटण्यावर साबण घासू नका, केलेलं सगळं धुऊन जाईल. अंग फार कोरडं असेल तर आंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच चार थेंब तेल पुन्हा लावा. तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. बाळाच्या नाका-कानांत तेल सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कापूर घातलेलं तेलही बाळापासून लांब ठेवा, त्याने झटके येऊ शकतात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेल लावून एकट्याने न्हाणीघरात पाठवू नका. आधी फरशी पुसा, पाटाखाली जुनं गोणपाट टाका आणि हात धरून आत न्या.