सातारा-सांगलीची इंग्रजी: ओघ आणि ठेका

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. त्या काळी, आणि पुढेही बरीच वर्षे, इंग्रजी शिकणे म्हणजे स्पेलिंग घोकणे, वाचणे आणि भाषांतर करणे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या पोसल्या. व्याकरण पक्के झाले, पण बोलायची वेळ आली की गाडी अडे. वाक्य आधी मनात मराठीत जुळे. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीला ते कर्त्यामागोमाग हवे असते. त्यामुळे कर्ता उच्चारून झाला की थांबणे आलेच. खानापूर-आटपाडीकडचे सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर दक्षिणेत जाऊन तिथली भाषा पाठमालेवाचून, गिऱ्हाइकाशी बोलत शिकले, हे इथे आठवावे.

हे झाले ओघाचे; ठेक्याचे दुखणे वेगळे. मराठीत बहुतेक अक्षरांना आपापला पूर्ण उच्चार मिळतो. इंग्रजीत आघाताचे अक्षर ठळक होते, बाकीची आक्रसतात. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' यांत आघात अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अक्षरावर पडतो. मराठी माणूस तिन्ही शब्द एकाच चालीत म्हणतो, 'टु' आणि 'ऑफ'सुद्धा ठासून उच्चारतो. कोरियन विद्यार्थ्यांचीही अडचण बरीचशी अशीच आहे. कारण सोलच्या बोलीतही शब्दाघात नाही.

अशोक केळकरांनी १९५७ मध्ये 'वर्ड' या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजीचा अभ्यास मांडला. आर. के. बन्सल यांच्या १९६९ च्या पाहणीत भारतीयांची इंग्रजी परक्यांना न कळण्याच्या प्रमुख कारणांत चुकलेला शब्दाघात होता. ती पाहणी हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशची; त्या संस्थेचे संचालकपद भूषवलेले वि. कृ. गोकाक त्याआधी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे प्राचार्य होते. इतके असून ध्वनिशास्त्र गावच्या फळ्यापर्यंत क्वचितच पोचले, कारण तिथले मास्तरही इंग्रजी डोळ्यांनीच शिकलेले.

धोरण मात्र इंग्रजी सुरू करण्याच्या वयाभोवतीच फिरत राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून, पुढे महाराष्ट्रात पाचवीपासून, २००० पासून पहिलीपासून. मग सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले. २०१९ च्या दहावीला भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्याच वर्षी ते २० गुण परतले. ओरड झाली ती निकालाची. मुले बोलतात कशी, याची चर्चा त्यात फारशी नव्हती.