व्हॅम्पायरच्या पोटातला पंखा



आम्ही तिघांनी गॅरेजमध्ये बांधायला घेतलेल्या विमानाबद्दल मंडळात बऱ्याच जणांनी विचारलं. बहुतेकांचा प्रश्न एकच, "याचा पंखा कुठाय?" पंखा आहे, पण पोटात. या प्रकाराला इलेक्ट्रिक डक्टेड फॅन, थोडक्यात ईडीएफ म्हणतात. नळीत बसवलेला ७० मिलिमीटरचा पंखा बॅटरीवर फिरतो आणि आवाज थेट जेटसारखा येतो (शेजाऱ्यांना विचारा!).

मॉडेल आहे डी हॅविलंड व्हॅम्पायरचं. हे विमान २० सप्टेंबर १९४३ रोजी हॅटफील्डला पहिल्यांदा उडालं. १९४८ मध्ये आपल्या हवाई दलात आलेलं पहिलं जेटही हेच. गंमत म्हणजे खऱ्या व्हॅम्पायरचा मधला भाग प्लायवूड आणि बाल्साचाच होता, म्हणजे आमचं सामान अगदीच परकं नाही.

निवडीचं खरं कारण मात्र नळी. सुरुवातीच्या जेट इंजिनांचा जोर बेताचा, लांब नळीत तो आणखी वाया जायचा. म्हणून शेपूट दोन दांड्यांवर मागे नेलं आणि नळी आखूड ठेवली. मॉडेललाही तोच फायदा मिळतो.

आता हिशेब. बॅटरी १४.८ व्होल्टची, पूर्ण थ्रॉटलला ५० अँपिअर खेचते. म्हणजे ७४० वॅट, आपल्याकडच्या साध्या इस्त्रीएवढे! बदल्यात जोर मिळतो दीड किलो, आणि विमानाचं वजन १.४ किलो. एवढंच वजन मोठ्या प्रोपेलरने निम्म्या वॅटमध्ये उडतं, कारण तो भरपूर हवा सावकाश ढकलतो. छोट्या पंख्याला थोडी हवा फार वेगाने फेकावी लागते आणि ते महाग पडतं. ३००० एमएएचची बॅटरी पूर्ण थ्रॉटलला साडेतीन मिनिटांत संपेल. पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा, म्हणून हात आखडता घेऊनही टायमर साडेतीन मिनिटांचाच.

सगळ्यात मोठा वाद झाला तो हवा आत घेण्यावरून. व्हॅम्पायरची तोंडं पंखांच्या मुळाशी असतात आणि त्या मापात ती फारच चिंचोळी होतात. नुसत्या तेवढ्यावर काट्यावर जोर सव्वा किलोच भरला. हवेत तेवढा पुरतो, पण इथल्या ओल्या गवतावरून विमान उठायला नको का? आमच्यातल्या एकाला खऱ्या विमानात नसलेलं भोक मान्य नव्हतं. शेवटी पोटाखाली भोक पाडलंच, बाहेरून दिसत नाही आणि जोर परत आला.

उतरताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. थ्रॉटल दिल्यावर पंख्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो, आणि पुढच्या प्रोपेलरसारखा वारा शेपटीवर येत नाही. म्हणून शेवटपर्यंत थोडी पॉवर ठेवूनच उतरायचं.

मुलासाठी पहिलं विमान म्हणून हे घ्यावं का? आमच्या मते नाही. फोमचं, वर पंख असलेलं प्रोपेलरचं ट्रेनर घ्या. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली किंवा टोचली गेली तर चार्ज करू नका, आणि चार्जिंग चालू ठेवून झोपायला तर मुळीच जाऊ नका. अडीचशे ग्रॅमच्या वरच्या मॉडेलसाठी सीएएचा ऑपरेटर आयडी आणि फ्लायर आयडी लागतो. बीएमएफएच्या क्लबात गेलात तर विम्याचाही प्रश्न सुटतो.

पहिलं उड्डाण वारा पडलेल्या एखाद्या रविवारी सकाळी. मुलांना जरूर आणा, फक्त पंख्याच्या मागे किंवा बाजूला उभं करू नका.