घरगुती नेटवर्क साठवण यंत्रातील सामायिक फोल्डर आणि भिन्न संगणक कार्यप्रणाली : एक विवेचन

प्रस्तावना :

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाद्वारे राज्यातील शिक्षक, लिपिक व विद्यार्थी यांच्या मोठ्या वर्गाला संगणकाची पहिली ओळख झाली. ही ओळख प्रामुख्याने विंडोज या एकाच कार्यप्रणालीची होती. आज परिस्थिती बदललेली आहे. एकाच घरात वडिलांचा विंडोज संगणक, मुलीचा मॅकबुक, अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचा लिनक्स संगणक आणि सर्वांच्या हाती अँड्रॉइड किंवा आयफोन असणे आता अपवादात्मक राहिलेले नाही. या सर्वांची कागदपत्रे व छायाचित्रे एका ठिकाणी राहावीत, यासाठी राउटरला जोडून ठेवायचे नेटवर्क साठवण यंत्र घेतले जाते. त्यालाच व्यवहारात ‘नॅस’ असे म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर व एकूण मराठवाड्याच्या संदर्भात या यंत्राचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुन्या महसुली कागदांत उर्दू व मोडी लिपीतील नोंदी आढळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून निजामकालीन नोंदींची तपासणी हाती घेतली, तेव्हा अशा जुन्या कागदाचे मोल सर्वांच्याच लक्षात आले. अशा कागदाची स्कॅन प्रत, शोधप्रबंधाची प्रकरणे, सातबारा उतारे हे सर्व ज्या फोल्डरात आहे, तो फोल्डर घरातील एका संगणकावर उघडतो आणि दुसऱ्यावर उघडत नाही, असा अनुभव आल्यास काय करावे, हा प्रश्न म्हणूनच गंभीर ठरतो.

उद्दिष्टे :

१. नेटवर्क साठवण यंत्राच्या कार्यपद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. सामायिक फोल्डर उघडण्यात येणाऱ्या अडचणींची कारणे वर्गीकृत करणे.
३. मराठी फाईलनामांमुळे उद्भवणाऱ्या विशेष अडचणींचा व सुरक्षिततेच्या प्रश्नाचा विचार करणे.

यंत्राचे स्वरूप :

नेटवर्क साठवण यंत्र हे पेन ड्राइव्हचे मोठे रूप नव्हे. पेन ड्राइव्ह जोडला असता संगणक त्यातील माहिती स्वतः वाचतो. त्यामुळे त्याची मांडणी त्या संगणकास समजणारी असावी लागते. नॅस मात्र स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याच्या आत बहुधा लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली चालते. घरातील अन्य संगणक त्यातील डिस्क कधीही थेट वाचत नाहीत. ते केवळ मागणी नोंदवतात आणि यंत्र ती पूर्ण करते. म्हणून डिस्कची आतील मांडणी कोणती आहे, याच्याशी विंडोज वा मॅक यांना कर्तव्य नसते.

ही व्यवस्था महाविद्यालयीन ग्रंथालयासारखी आहे. वाचक कपाटापर्यंत जात नाही. तो मागणीपत्र भरून देतो. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. मागणीपत्र ग्रंथपालास समजेल अशा भाषेत हवे, वाचकाचे ओळखपत्र नोंदीत हवे आणि ग्रंथाचे नाव नोंदीप्रमाणे तंतोतंत हवे. सामायिक फोल्डर उघडण्यातील बहुतेक अडचणी भाषा, ओळख आणि नाव या तीनपैकी एका ठिकाणी असतात.

भाषा : प्रोटोकॉलचा प्रश्न :

दोन संगणकांनी परस्परांशी बोलण्याच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. फाईल सामायिक करण्याचे तीन प्रमुख प्रोटोकॉल १९८० च्या दशकात निर्माण झाले. आयबीएममधून एसएमबी, सन मायक्रोसिस्टिम्समधून एनएफएस आणि ॲपलमधून एएफपी. पहिला पुढे विंडोजचा, दुसरा युनिक्स व लिनक्सचा आणि तिसरा मॅकचा म्हणून रूढ झाला. या तीन वेगळ्या परंपरांना जोडणारे काम ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केले. त्यातून साकारलेल्या ‘सांबा’ या मुक्त सॉफ्टवेअरमुळे लिनक्स संगणकास एसएमबी भाषेत उत्तर देता येऊ लागले. आजच्या बहुसंख्य घरगुती साठवण यंत्रांत हेच सॉफ्टवेअर कार्यरत असते.

ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून एएफपीऐवजी एसएमबीला अग्रक्रम दिला, तर आयफोनच्या ‘फाइल्स’ या ॲपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून एसएमबी जोडणीची सोय आली. परिणामी मिश्र कार्यप्रणालींच्या घरासाठी एसएमबी हीच आज समान भाषा आहे. अँड्रॉइड फोनवर मात्र त्यासाठी अनेकदा वेगळे फाईल व्यवस्थापक ॲप घ्यावे लागते.

येथे आवृत्तीचा प्रश्न उपस्थित होतो. एसएमबीची पहिली आवृत्ती जुनी व असुरक्षित आहे. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती नव्या स्थापनेत मुळात बसवली जात नाही. सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ती बंद ठेवली आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले यंत्र नव्या लॅपटॉपवर अचानक दिसेनासे होते. यंत्र बिघडलेले नसते. दोघांची भाषा एका पिढीने वेगळी झालेली असते.

याच संदर्भात ‘दिसणे’ आणि ‘उघडणे’ यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. नेटवर्कच्या यादीत यंत्राचे नाव दिसणे हे शोधसेवेचे काम आहे, फाईल देण्याचे नव्हे. विंडोजची जुनी शोधसेवा एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती, तर मॅक ‘बोंजूर’ ही निराळी सेवा वापरतो. म्हणून यादीत नाव नसले तरी यंत्राचा पत्ता थेट लिहिल्यास फोल्डर उघडू शकतो. विंडोजमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे १९२.१६८.१.१० यासारखा पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा. मॅक व लिनक्सच्या फाईल व्यवस्थापकात एसएमबी, अपूर्णविराम व दोन सरळ तिरक्या रेघा यांनंतर तोच पत्ता द्यावा. हा पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो त्या यंत्रासाठी राखून ठेवणे इष्ट ठरते.

ओळख : वापरकर्ता व परवानगी :

नॅसवरील वापरकर्ता हा नॅसचाच असतो. तो विंडोजचा किंवा ॲपलचा नव्हे. लॅपटॉप उघडण्याचा चार अंकी पिन येथे चालत नाही, कारण तो त्या लॅपटॉपपुरताच असतो. शिवाय विंडोज एकाच यंत्राशी एकाच वेळी दोन भिन्न वापरकर्तानावांनी जोडणी करू देत नाही. वडिलांच्या नावाने एक फोल्डर उघडा असताना मुलाच्या नावाने दुसरा उघडता न येण्याचे कारण हेच असते. आधीची जोडणी तोडल्यावर हा अडथळा दूर होतो.

लिनक्सवर एनएफएस वापरल्यास निराळी अडचण येते. या प्रोटोकॉलच्या नेहमीच्या मांडणीत ओळख नावाने नव्हे, तर क्रमांकाने पटवली जाते. बहुतेक लिनक्स संगणकांत पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो, मॅकमध्ये तो ५०१ असतो. व्यक्ती एकच असली तरी क्रमांक वेगळे असल्याने एका संगणकावरून ठेवलेली फाईल दुसऱ्यावर ‘परवानगी नाही’ असे उत्तर देते. म्हणून मिश्र घरांत सर्वांनी एसएमबीच वापरणे अधिक सुलभ होय.

नाव : देवनागरी फाईलनामांच्या विशेष अडचणी :

या विषयावरील सर्वसाधारण मार्गदर्शन इंग्रजी फाईलनामे गृहीत धरते. मराठी वापरकर्त्याच्या अडचणी त्यात येत नाहीत. त्यांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत.

पहिली लांबीची आहे. विंडोजमध्ये फाईलनामाची मर्यादा २५५ संकेतांकांची आहे. लिनक्सच्या प्रचलित मांडणीत ती २५५ बाइटची आहे. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, परंतु युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा व हलन्तचिन्ह यांस प्रत्येकी तीन बाइट लागतात. ‘मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास प्रकरण तिसरे अंतिम दुरुस्त प्रत’ हे नाव घ्या. वर्डच्या पाच अक्षरी प्रत्ययासह त्यात केवळ ९६ संकेतांक आहेत. विंडोजला त्यात काहीच अडचण नाही. परंतु बाइटच्या हिशेबाने ते २५८ होते आणि नॅस ते नाकारते. शोधप्रबंधाच्या शीर्षकावरून फाईलनाम देण्याच्या आपल्या प्रथेत ही अडचण हमखास उद्भवते. सुमारे ८० चिन्हांच्या आत नाव ठेवल्यास ती टळते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘शेतकऱ्यांच्या’, ‘गावकऱ्यांची’ अशा शब्दांतील ‘ऱ्य’ हे मराठीचे वैशिष्ट्य होय. युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ एका स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो, अथवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. काही कळफलकांवर तो ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्याच क्रमाने उमटतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. मॅकच्या एचएफएस प्लस या जुन्या डिस्क-मांडणीत नावे विघटित करून, म्हणजे दुसऱ्या रूपात, साठवली जात. अशा डिस्कवरील फायली संकुचित संचातून लिनक्स-आधारित यंत्रावर उतरवल्यास ते विघटित रूप तसेच राहू शकते. लिनक्स तर नावांतील बाइट जसेच्या तसे पाहते. परिणामी एकाच जागी ‘शेतकऱ्यांच्या मुलाखती’ नावाचे दोन फोल्डर दिसतात, किंवा डोळ्यांसमोर असलेली फाईल शोध घेतल्यास सापडत नाही. त्यातील एक प्रत जादा समजून पुसली गेल्यास क्षेत्रकार्यातील सामग्रीच नष्ट होण्याची भीती असते. म्हणून समान नावाचे दोन फोल्डर दिसल्यास आतील मजकूर तपासल्याविना कोणताही फोल्डर पुसू नये.

अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह व दुहेरी अवतरणचिन्हे विंडोजच्या फाईलनामांत वर्ज्य आहेत, हेही ध्यानात ठेवावे. देवनागरीत मोठ्या-लहान लिपीचा भेद नसल्याने इंग्रजी नावांत येणारी तेवढी एक अडचण मात्र आपल्या वाट्याला येत नाही.

फाईल उघडणे म्हणजे ती वाचता येणे नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम यांच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले लेखन, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसते. हा दोष नेटवर्कचा नाही; त्यावर युनिकोड रूपांतर हाच उपाय आहे.

सुरक्षितता :

फोल्डर उघडत नाही म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करणे, पासवर्डविना पाहुण्यास प्रवेश देणे किंवा बाहेरगावाहून फायली पाहता याव्यात म्हणून यंत्र थेट इंटरनेटवर खुले करणे, हे उपाय सर्रास सुचवले जातात. त्यांची किंमत महाराष्ट्राने पाहिलेली आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीमुळे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. ही प्रणाली पसरण्याच्या मार्गांपैकी एक मार्ग एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोष हा होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर खुल्या ठेवलेल्या क्यूनॅप यंत्रांतील फायली कुलूपबंद करून ०.०३ बिटकॉइनची मागणी केली. ही यंत्रे घरांत व लहान कार्यालयांत वापरली जाणारीच होती.

निष्कर्ष :

१. सामायिक फोल्डर न उघडण्याची कारणे भाषा, ओळख व नाव या क्रमाने तपासावीत. यादीत यंत्र न दिसल्यास प्रथम पत्ता थेट लिहून पाहावा.
२. मिश्र कार्यप्रणालींच्या घरात एसएमबीची दुसरी वा तिसरी आवृत्ती वापरावी. जुने यंत्र नवी आवृत्ती स्वीकारत नसेल तर यंत्र बदलावे. सुरक्षितता कमी करू नये.
३. प्रत्येक सदस्यास नॅसवर स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. मूळ दस्तऐवजांचा फोल्डर इतरांसाठी केवळ वाचनापुरता ठेवावा.
४. मराठी फाईलनामे आखूड असावीत आणि घरातील सर्व संगणकांवर शक्यतो एकच मराठी कळफलक वापरावा.
५. नॅस हे सामायिक साठवणीचे साधन आहे. ती सुरक्षित दुसरी प्रत नव्हे. एका संगणकावरून पुसलेली फाईल सर्वांसाठीच पुसली जाते. म्हणून महत्त्वाच्या कागदांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर व शक्य तर वेगळ्या ठिकाणी ठेवणे अगत्याचे आहे.

सारांश, कार्यप्रणाली भिन्न असल्या तरी एकच संग्रह सर्वांना वापरता येणे आज पूर्णतः शक्य आहे. त्यासाठी सर्व दरवाजे उघडे टाकण्याची आवश्यकता नसून अडथळा नेमका कोठे आहे, हे ओळखण्याची आवश्यकता आहे.