जुनी सायकल, नवा चिमटा : मापांचा मेळ

आपल्यापैकी अनेकांच्या वाड्यात, गोदामात किंवा दुकानाच्या माळ्यावर एखादी जुनी सायकल आजही भिंतीला टेकून उभी असते. वसुलीसाठी, बाजारपेठेत भावाच्या चौकशीसाठी कधीकाळी तिच्यावरूनच फिरणे होत असे. तिचा सांगाडा पोलादी आणि भक्कम असतो. पण पुढचा चिमटा, ज्याला दुकानात फोर्क म्हणतात, तो वाकलेला वा गंजलेला असतो. आजोबांची सायकल पुन्हा चालवावी असे घरातील नातवंडास वाटू लागते आणि नव्या चिमट्याचा शोध सुरू होतो.

ही हौस स्तुत्य आहे. मात्र नवा चिमटा आणि जुना सांगाडा यांची मापे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि न जुळणारी मापे हातोडीने जुळवण्याची रीत धोक्याची आहे. स्वाराचा भार, पुढचे चाक आणि हँडलचा ताबा या तिन्ही गोष्टी या एकाच सांध्यावर विसंबून असतात. साखळी तुटली तर सायकल थांबवता येते. चिमटा मोडला तर स्वार थेट तोंडावर आपटतो, सावरण्यास क्षणही मिळत नाही.

मापे वेगळी का झाली?

सायकलीचा उद्योग इंग्लंड, फ्रान्स, इटली आणि पुढे जपान अशा निरनिराळ्या देशांत वाढला व प्रत्येकाने आपापली मापे रूढ केली. सर्वाधिक प्रचलित माप १ इंची दांडीचे, म्हणजे २५.४ मिलिमीटर व्यासाचे. तिच्यावर इंचाला २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने मात्र त्याच जाडीच्या दांडीवर इंचाला २६ आटे पाडण्याची आपली स्वतंत्र रीत दीर्घकाळ चालवली. फ्रेंचांनी दांडी २५ मिलिमीटरची आणि आट्यांतील अंतर १ मिलिमीटरचे ठेवले. डोंगरी सायकली लोकप्रिय झाल्यावर १ १/८ इंची, म्हणजे २८.६ मिलिमीटरची जाड दांडी सर्वत्र पसरली. आज बाजारात सहज मिळणारा चिमटा बहुधा या शेवटच्या मापाचा असतो.

आपल्याकडे १९४९ साली मद्रासमध्ये टी. आय. सायकल्सची स्थापना झाली आणि तेथे हर्क्युलिस सायकली तयार होऊ लागल्या. आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले. त्याआधीच्या कित्येक सायकली थेट इंग्लंडहून आलेल्या होत्या. शिवाय दर दुरुस्तीत मिस्त्रीने हाताशी असलेला भाग बसवलेला असतो. म्हणून सांगाड्यावरील नाव वाचून माप ठरवू नये, प्रत्यक्ष मोजावे.

मोजावयाची पाच मापे

चिमट्याची दांडी सांगाड्याच्या पुढच्या उभ्या नळीतून वर येते. नळीच्या दोन्ही तोंडांशी वाट्या, त्यांत छर्रे, आणि खाली चिमट्याच्या खांद्यावर एक पोलादी कडे बसते. या साऱ्या संचाला हेडसेट म्हणतात. व्हर्नियर कॅलिपर घेऊन पुढील मापे कागदावर उतरवावीत.

पहिले, दांडीची बाहेरची जाडी. दुसरे, इंचातील आट्यांची संख्या. तिसरे, खांद्यावरील कड्याच्या बैठकीचा व्यास. तो आंतरराष्ट्रीय मानकात २६.४ आणि जुन्या जपानी मानकात २७.० मिलिमीटर असतो. चौथे, सांगाड्याच्या नळीत शिरणाऱ्या वाटीचा व्यास. येथे हेच दोन आकडे अनुक्रमे ३०.२ आणि ३०.० आहेत. पाचवे, दांडीची लांबी. नळीची उंची आणि हेडसेटच्या भागांची एकत्रित उंची यांची बेरीज करावी. नळी १४० व हेडसेट ३६ मिलिमीटर असेल, तर बेरीज १७६ येते. दांडी त्याहून एक-दोन मिलिमीटर कमी असावी, म्हणजे वरची चाकी दांडीच्या टोकावर न अडकता खालच्या भागावर पक्की बसते.

०.२ मिलिमीटरचा फरक कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु तेरीज पत्रकात एका रुपयाचा फरक आला तरी हिशोबनीस तो सोडून देत नाही, कारण त्या रुपयामागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. येथेही तसेच आहे. ३०.० ची वाटी मोठ्या नळीत सैल बसते, दर खड्ड्याला हलते आणि हळूहळू नळीच खाऊन टाकते. ३०.२ ची वाटी लहान नळीत ठोकली तर नळीचे तोंड फाकते किंवा चिरते.

काय जुळवता येते, काय नाही

येथे व्यापारातलाच नियम लावावा. स्वस्त भाग बदलावा, मोलाचा भाग जपावा. सांगाडा आणि चिमटा ज्या मापाचे असतील त्या मापाचा हेडसेट शोधावा. हेडसेटसाठी सांगाडा तासत बसू नये.

तरीही काही तडजोडी निर्धोक आहेत. खांद्याची बैठक २७.० ची असेल आणि कडे २६.४ चे असेल, तर योग्य कटरने पोलादी बैठक तासून घेता येते. लहान नळी रीमरने ३०.२ च्या वाटीजोगी करता येते. सांगाडा १ १/८ इंची आणि चिमटा १ इंची असेल, तर माप उतरवणाऱ्या वाट्या मिळतात.

याच्या उलट मात्र होत नाही. १ इंची सांगाड्याच्या नळीचा आतला व्यास सुमारे ३० मिलिमीटर असतो. त्यात २८.६ ची दांडी शिरते, आणि नेमकी तेथेच फसगत होते. दांडी शिरली तरी नेहमीच्या वाट्यांना जागा उरत नाही. २६ आट्यांच्या दांडीवर २४ ची चाकी एक-दोन वेढे जाते व मग अडते. पान्याने जोर लावल्यास आटे सोलवटून निघतात. त्यांवर नवे आटे पाडणेही नको, कारण दांडीची भिंत आधीच पातळ असते. म्हणून रॅलेची जुनी चाकी आणि वाट्या कधीही भंगारात देऊ नयेत. सैल कड्याखाली डब्याच्या पत्र्याची पट्टी घालणे हा उपाय नव्हे. ती दुरुस्ती केवळ दिसण्यापुरती असते.

चिमट्याची उंचीही पाहावी. मूळ चिमट्यापेक्षा नवा २० मिलिमीटरने उंच असेल, तर सांगाड्याची पुढची नळी सुमारे एक अंश मागे झुकते आणि सायकलीचे वळण बदलते. स्प्रिंगचा चिमटा याहून बराच उंच असतो. जुन्या सांगाड्याला तो लावू नये.

बसवताना

वाट्या हातोडीने ठोकू नयेत. आटे असलेला लांब बोल्ट आणि दोन जाड चकत्या वापरून त्या सरळ दाबून बसवाव्यात. छर्रे वाटीच्या मापाचेच घ्यावेत. १ इंची हेडसेटमध्ये ते बहुधा ५/३२ इंची असतात. भरपूर ग्रीस लावावे. हँडलचा दांडा साधारणतः २२.२ मिलिमीटरचा असतो. तो त्यावरील खुणेइतका तरी आत जावा आणि त्याची पाचर आट्यांच्या खाली जाऊन आवळली जावी.

शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी आणि वाटीच्या सांध्यावर बोट ठेवावे. बोटाला टकटक जाणवली तर सांधा सैल आहे. पुढचे चाक उचलून हँडल फिरवावे. ते कोठेही न अडता दोन्ही बाजूंना वळले पाहिजे.

आपल्यापैकी ज्यांचा सुट्या भागांचा व्यवसाय आहे, त्यांनी काउंटरवर एक कॅलिपर ठेवावा आणि ग्राहकास जुना भाग सोबत आणण्यास सांगावे. माप जुळत नसेल तर ‘चालून जाईल’ असे न म्हणता तसे स्पष्ट सांगावे. एक विक्री कमी होईल. पण त्या सायकलीवर बसणारे मूल कोणाच्या तरी घरी सुखरूप परतेल.