२००६च्या दोन वाटा

२००६ साली सूक्ष्मदर्शनाच्या दोन वाटा फुटल्या. पुढची बरीच वर्षे त्यांनी एकमेकींची फारशी दखल घेतली नाही.

पहिली स्टॅनफर्डमधली. मार्क लेव्हॉय आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा यांच्यामध्ये इवल्या भिंगांची जाळी बसवली. मुळातली कल्पना गाब्रिएल लिपमन यांची, १९०८ सालची. प्रकाश कुठे पडला याबरोबर तो कोणत्या दिशेने आला हेही नोंदले गेले, तर नमुना वरखाली न सरकवता एकाच छायाचित्रातून त्याची खोली काढता येते. मात्र कॅमेऱ्याचे पिक्सेल दिशा टिपण्यात खर्ची पडतात आणि बारकावे हरवतात. म्हणून ही पद्धत आधी रमली ती वेगाला महत्त्व असलेल्या कामात. २०१४मध्ये तिने सी. एलिगन्स या कृमीच्या आणि झेब्राफिशच्या अळीच्या चेतापेशींची सक्रियता त्रिमितीत टिपली.

दुसरी वाट एकेका रेणूची. सुटा रेणू प्रकाशाने ओळखता येतो, हे विल्यम मर्नर यांनी १९८९मध्ये दाखवले होते. २००६मध्ये एरिक बेट्झिग, शाओवेइ झुआंग आणि सॅम्युअल हेस यांच्या गटांनी त्यावरून चित्रे उभारली. एका वेळी मोजकेच रेणू उजळवायचे, प्रत्येक ठिपक्याचा मध्य गणिताने शोधायचा, आणि हजारो चित्रे एकत्र करून सुमारे २०० नॅनोमीटरची प्रकाशीय मर्यादा ओलांडायची. बेट्झिग आणि मर्नर यांना २०१४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, स्टेफान हेल यांच्यासह. अडचण खोलीची होती. २००८पासून ठिपक्याचा आकार मुद्दाम बदलून खोली ओळखू लागले, पण जास्त खोलीसाठी आकार पसरट करावे लागत आणि शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत. त्यामुळे एका वेळी थोडेच रेणू उजळवायचे, आणि वेग घटायचा.

२०२०मध्ये केंब्रिजच्या गटाने दोन्ही वाटा जोडल्या. वस्तुभिंगाच्या मागच्या नाभीय प्रतलाचे त्यांनी सूक्ष्मभिंगांनी तुकडे केले. एकच रेणू अनेक कोनांतून दिसू लागला. एकेक डोळा आळीपाळीने मिटल्यावर जवळची वस्तू जास्त सरकल्यासारखी वाटते, तसेच हे. त्या सरकण्यावरून ६ मायक्रोमीटर खोलीपर्यंत रेणूचे स्थान २० नॅनोमीटरपर्यंतच्या अचूकतेने ठरवता आले. २०२४मध्ये याच पद्धतीने जिवंत बी-पेशींच्या पटलावरील प्रथिनांचा माग पेशी थराथराने न टिपता घेतला गेला. ठिपके एकमेकांवर आले तरी वेगवेगळ्या कोनांमुळे ते सुटे करता येतात, म्हणून ठिपक्याला दुहेरी सर्पिलाचा आकार देणाऱ्या आधीच्या पद्धतीच्या तुलनेत वेग सुमारे दहापट वाढतो.

मागे वळून पाहता या जोडणीचे मर्म एका उणिवेत आहे. पहिल्या वाटेवर बारकावे गमावणे हे मोठे नुकसान होते. दुसरीला ठिपक्याच्या अंतरंगाशी देणेघेणेच नव्हते, तिला फक्त मध्य हवा होता. हिशेब पूर्ण फिटलेला नाही. एका रेणूचा तुटपुंजा प्रकाश अनेक कोनांत वाटला जातो, आणि रेणू विझण्याआधी मोजकेच फोटॉन देतो. म्हणून यापुढची बरीचशी मदार जास्त तेजस्वी रंगद्रव्यांवर आहे.