अवतरणचिन्हे आणि अवतरणे

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावे लागतात. अवतरणाच्या आत आणखी एक अवतरण आल्यास त्याला एकेरी चिन्हे लावतात. लेखी मराठीत एखाद्या शब्दावर भर देण्यासाठीही एकेरी चिन्हेच वापरतात. मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडला, तर चिन्हांची गरज नसते; संदर्भ मात्र तेव्हाही द्यावाच लागतो.

लांब उतारा समासापासून आत सरकवून स्वतंत्र परिच्छेदात देतात आणि त्याला अवतरणचिन्हे लावत नाहीत. संदर्भलेखनाच्या एपीए पद्धतीत 40 किंवा त्याहून अधिक शब्दांचा उतारा लांब समजला जातो, तर एमएलए पद्धतीत चार ओळींहून अधिक लांबीचे गद्य. गाळलेला भाग तीन टिंबांनी दाखवतात; उतारा देणाऱ्या लेखकाने स्वतः घातलेला शब्द चौकटी कंसात येतो. गाळल्यामुळे मूळ अर्थ बदलता कामा नये.

जुन्या मराठी उताऱ्यांत शुद्धलेखनाचा प्रश्न येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे. नंतरचे लेखन प्रचलित नियमांप्रमाणे छापता येते. संशोधनात शब्दरूपांचीच चर्चा असेल, तर मूळ रूप राखणे श्रेयस्कर.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या विनियमांनुसार योग्य श्रेयनिर्देशासह उद्धृत केलेला मजकूर साम्य-तपासणीतून वगळला जातो. चिन्हे किंवा संदर्भ गाळल्यास तोच मजकूर वाङ्मयचौर्य ठरू शकतो.