दुबईची शाल, लुधियानाची!

मावशीकडे दुबईला निघाले तेव्हा आजीची एकच ऑर्डर होती, ‘तिकडची काहीतरी वस्तू आण. मॉलमधली नको.’ सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. मॉल, बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी सगळं उरकून शेवटचा दिवस मी आजीच्या वस्तूसाठी ठेवला आणि खाडीकाठच्या जुन्या दुबईत गेले.

तुम्हीही सुरुवात करा ती अल फहिदीपासून. इराणमधल्या बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेली ही वस्ती. म्हणून तिचं जुनं नाव बस्तकिया. प्रवाळी दगडांच्या जाड भिंती, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या आणि प्रत्येक मोठ्या घरावर चौकोनी मनोरा, ‘बर्जील’. चारही बाजूंनी उघडा असलेला हा मनोरा वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतो. थोडक्यात, विजेआधीचा एसी! ऐंशीच्या दशकात यातली जवळपास अर्धी वस्ती पाडली गेली. उरलेलीही गेली असती. पण 1989मध्ये इथे राहणाऱ्या रेनर ऑटर या ब्रिटिश आर्किटेक्टने मोहीम उघडली, दुबई भेटीवर येणाऱ्या प्रिन्स चार्ल्सनाच पत्र लिहिलं आणि पाडकाम थांबलं. आज त्याच घरांत छोट्या आर्ट गॅलऱ्या आणि कॅफे आहेत.

तिथून चालत बर दुबईचा कापड बाजार. लाकडी छताखाली शिरलात की हाका सुरू होतात. तुम्ही मुलगा असाल तर ‘शाहरुख’, मुलगी असाल तर ‘दीपिका’. एका दुकानात मला मस्त नक्षीची शाल सापडली. ‘ही इथलीच ना?’ मी खोदून विचारलं. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शालीकडे. ‘मॅडम, सच बोलूँ? लुधियाना.’

हसू आलं, पण यात आश्चर्य काहीच नाही. आखाती समुद्रातले मोती जहाजांनी मुंबईच्या बाजारात यायचे आणि परतताना तीच जहाजं आपल्याकडचं कापड, तांदूळ, मसाले घेऊन जायची. 1966पर्यंत दुबईत रुपयाच चालायचा! 1959पासून तर आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळा रुपया छापत होती. म्हणजे त्या बाजारात आपला माल हाच जुना रिवाज आहे.

मग इथलं काय? ते मला खाडीच्या तोंडाशी, अल शिंदगा म्युझियममध्ये दिसलं. सत्तरीच्या एक आजी जमिनीवर बसून ‘तल्ली’ विणत होत्या. धातूच्या स्टँडवर गोल उशी, तिला ‘काजूजा’ म्हणतात. उशीला दोरे अडकवायचे, रिळं दोन्ही बाजूंना सोडायची आणि मधून चमचमती जर घेत एकेक दोरा दुसऱ्यावरून फिरवायचा. अशी बनलेली फीत बायकांच्या झग्याच्या गळ्याला, बाह्यांना लागते. मी वीस मिनिटं उभी होते. तेवढ्यात बोटभर फीत झाली. ‘शुक्रन’पलीकडे माझं अरबी नाही, म्हणून तिथल्या मुलीमार्फत विचारलं, ‘विकत मिळेल?’ आजी हसल्या आणि मान हलवून पुन्हा विणायला लागल्या.

खरं सांगू? मला तिथे जरा वाईटच वाटलं. बाजारात आपला माल आणि त्यांची कला म्युझियममध्ये. तल्लीला 2022मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. बदाऊनी बायकांचं ‘सदू’ हे मेंढीच्या लोकरीचं आणि उंटाच्या केसांचं विणकाम तर 2011मध्येच ‘तातडीने जपायला हवं’ अशा यादीत गेलं होतं. तंबू आणि उंटावरची खोगिरं लागेनाशी झाल्यावर सदू विणायचं कुणासाठी? शेजारच्या शारजात ‘इर्थी’ नावाची संस्था 2015पासून अशा कारागीर बायकांना आजच्या डिझायनर्सबरोबर काम मिळवून देते. वस्तू विकली गेली तरच पुढची मुलगी ती शिकेल, इतका साधा हिशेब आहे. (पैठणीबद्दल वेगळं काय बोलतो आपण?)

वेळ उरला तर अल कूझमधल्या अलसरकल अॅव्हेन्यूलाही जा. गोदामांमधल्या गॅलऱ्यांत आजची अरब चित्रकला फुकटात बघायला मिळते. माझा वेळ संपला होता. अब्रा पकडली, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. भाडं एक दिरहॅम, आपल्या दोन कटिंगचे पैसे. पलीकडे देरात मसाल्यांचा बाजार. पोत्यांत वेलची होती, पण ती केरळची निघण्याची भीती वाटली, म्हणून ‘लूमी’ घेतली. काळीकुळकुळीत, उन्हात वाळवलेली लिंबं. तिकडे भातात आणि रश्शात घालतात.

आजीने पुडी उघडून वास घेतला. ‘हे तर आपलं लिंबूच की गं,’ म्हणाली. पण संध्याकाळी एक फोडून आमटीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं.